रताळ्याची पट्टी आणि लायब्ररीची निवड

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील आहे. बीसीए झाल्यावर गेली दोन वर्षे बेळगावात टिळकवाडीला एका सहकाऱ्याबरोबर वेबसाइट बनवण्याचे काम करते. मार्केट यार्डातील एका अडत दुकानाने आम्हाला काम दिले आहे. रताळी आणि बटाट्याची आवक दुकानात नोंदवली जावी आणि शेतकऱ्याला आपली पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, मोबाइलवर मराठीत किंवा कन्नडमध्ये पाहता यावी, अशी त्यांची मागणी आहे. माझा सहकारी जेक्वेरी या लायब्ररीवर, म्हणजे वेबपानांसाठी जावास्क्रिप्ट भाषेत आयत्या मिळणाऱ्या कोडच्या संचावर, तयार झालेला आहे आणि तेवढे पुरेसे आहे असे म्हणतो. पुण्याला नोकरी करणारी मैत्रीण सांगते की रिअ‍ॅक्टशिवाय पुढे निभाव लागणार नाही. व्हिडिओ पाहिले की अशाच इतर लायब्रऱ्यांपैकी कधी व्ह्यू बरे वाटते, कधी स्वेल्ट. तीन आठवडे मी नुसती तुलना वाचते आहे, कोडची एक ओळही लिहिलेली नाही. काय निवडू? शिवाय पट्टीवर आकडे मराठीत दाखवायचे की इंग्रजीत, यावरही आमचे एकमत होत नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि तीन आठवडे हातून काही लिहून झाले नाही याचे कारण बहुधा तेच असावे. अडत दुकानाचे हे काम कशात करावे, हा एक प्रश्न. पुढच्या नोकरीच्या दृष्टीने स्वतः काय शिकावे, हा दुसरा. तुमचा सहकारी पहिल्याचे उत्तर देतो आहे आणि पुण्याची मैत्रीण दुसऱ्याचे. व्हिडिओ बनवणाऱ्याला तर तुमचे दुकान, तुमचा सहकारी आणि तुमचा तालुका यांपैकी काहीच ठाऊक नाही. आधी कामाचे पाहू, नोकरीचे नंतर बोलू.

शेतकरी जे पान उघडणार आहे आणि दुकानात हिशेब लिहिणारे दिवाणजी ज्या पानावर दिवसभर नोंदी करणार आहेत, ती दोन्ही एकाच साइटवर असली तरी त्यांच्या गरजा अगदी निराळ्या आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज कशी येते-जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथला शेतकरी ओट्यावर उभा राहून साध्या मोबाइलवर आपली पट्टी उघडतो, तेव्हा त्याला किती पोती उतरली, वजन किती भरले, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती वजा झाली आणि हातात किती येणार, एवढेच पाहायचे असते. हा सगळा मजकूर दोन-चार किलोबाइटांत बसतो. त्यासाठी रिअ‍ॅक्ट वापरले, तर रिअ‍ॅक्ट आणि त्याचा डॉमचा (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेचा) भाग मिळून दाबलेल्या स्वरूपातही ४० किलोबाइटांहून जास्त जावास्क्रिप्ट आधी उतरवावी लागते, आणि उतरवण्यापेक्षाही ती वाचून चालवण्यातच स्वस्त मोबाइलचा वेळ अधिक जातो. तोपर्यंत पान कोरेच दिसते. हे पान सर्व्हरनेच तयार एचटीएमएल म्हणून, म्हणजे ब्राउझरला थेट दाखवता येईल अशा स्वरूपात, पाठवावे आणि त्यात एकही लायब्ररी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉन्टचीही तीच गोष्ट आहे. देवनागरी आणि कन्नड लिपीत जोडाक्षरांच्या आकृत्या पुष्कळ असल्यामुळे त्यांच्या फॉन्टची फाइल अनेकदा लायब्ररीपेक्षाही जड भरते. अँड्रॉइडमध्ये दोन्ही लिप्यांचे फॉन्ट मुळातच असतात, तेव्हा शोभेसाठी वेगळा फॉन्ट उतरवायला लावू नका.

दिवाणजींचे पान मात्र खरोखर अवघड आहे आणि लायब्ररीचा विचार करायचा तो त्याच पानासाठी. सकाळी यार्डात गाडी लागते, तोलार वजने पुकारत असतो आणि दिवाणजी एकेक ओळ भरत असतात : शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती, वजन, दर. उपवासाचे दिवस तोंडावर असले की रताळ्यांच्या ओळी वाढत जातात आणि अशा घाईत मध्येच कळते की वरच्या एका ओळीचे वजन चुकले आहे. तो एक आकडा बदलला की त्या ओळीची रक्कम, एकूण वजन, एकूण रक्कम, तोलाई, शेतकऱ्याला द्यायची निव्वळ रक्कम आणि खरेदीदाराकडून येणे, इतक्या जागा बदलायला हव्यात. जेक्वेरीत या प्रत्येक जागी जाऊन नवा आकडा लिहिण्याचे भान प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठेवावे लागते. एक जागा नजरेतून सुटली की एकाच पडद्यावर दोन वेगळ्या रकमा दिसतात. ज्या धंद्यात सगळा व्यवहार पट्टीवरच्या विश्वासाने चालतो, त्यात याहून वाईट चूक नाही.

यावरून सहकाऱ्याला कमी लेखू नका. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझरचे वागणे वेगळे होते, एकात चालणारा कोड दुसऱ्यात अडत असे, आणि तो त्रास जेक्वेरीने मनापासून दूर केला. आज पानावरचा घटक शोधणे, त्याचे रूप बदलणे, सर्व्हरकडून माहिती मागवणे ही कामे ब्राउझर स्वतःच सगळीकडे सारखी करतात, आणि ज्याच्यासाठी सर्वांत जास्त खटपट करावी लागे त्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केले. जेक्वेरी ज्या दुखण्यावरचे औषध होती ते दुखणे जवळपास सरले आहे. दिवाणजींचे दुखणे दुसरे आहे आणि त्यावर जेक्वेरीचा इलाज चालत नाही.

त्यावरचा इलाज २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुली केली तेव्हा सर्वांसमोर आला. माहिती एका जागी ठेवायची, तिच्यावरून पडदा कसा दिसावा तेवढे लिहायचे, आणि माहिती बदलली की पडद्यावरच्या कोणत्या जागा बदलायच्या याची काळजी लायब्ररीने करायची. व्ह्यू, स्वेल्ट आणि आजचे अँग्युलर या लायब्रऱ्यांचाही गाभा हाच आहे. त्यामुळे यांतली कोणतीही घेतली तरी चुकलेल्या वजनाचा प्रश्न सुटतो. तुम्ही तीन आठवडे ज्या तुलना वाचल्या त्यांतल्या बऱ्याचशा वेगाच्या मोजमापांवर आहेत, आणि तुमच्या शे-दोनशे ओळींच्या तक्त्याला तो फरक जाणवणारही नाही. उरतो तो भेद सवयीचा, सोबत येणाऱ्या सामानाचा आणि पुढच्या देखभालीचा.

देखभालीबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. २०१५ मध्ये एका पतसंस्थेचे काम मी अँग्युलरजेएसमध्ये, म्हणजे अँग्युलरच्या जुन्या पहिल्या रूपात, केले. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आले. नाव जुने होते, पण आतील रचना इतकी नवी होती की जुना कोड उचलून तिच्यात ठेवता येत नव्हता. नव्याशी हळूहळू जुळवून घेण्याचे मार्ग होते, परंतु ‘पुढे बघू’ म्हणत मी वर्षे घालवली. ३१ डिसेंबर २०२१ रोजी जुन्या अँग्युलरजेएसचा आधार संपला आणि त्यानंतर संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून विचारले की यात सुरक्षेची त्रुटी निघाली तर दुरुस्ती कोण देणार. माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते सगळे काम मी पदरमोड करून पुन्हा लिहिले. लायब्ररीत खोट नव्हती. तिच्या मोठ्या आवृत्त्या कशा बदलतात आणि जुनीला किती काळ सांभाळले जाते, हा प्रश्न मीच निवडताना विचारला नव्हता.

तो प्रश्न आता तुमच्या यादीला विचारू. आजच्या अँग्युलरची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला १८ महिने आधार मिळतो. हे आधी जाहीर केलेले असते, आणि फॉर्म, पानांची ये-जा, सर्व्हरशी बोलणे हे सगळे सामान सोबत येते. वीस-पंचवीस जणांच्या कंपनीला ते सोयीचे पडते, पण दोघांच्या घराला ते सामान फार होते. रिअ‍ॅक्ट स्वतः जुना कोड फारसा मोडत नाही आणि हा तिचा मोठा गुण आहे. मात्र ती केवळ पडद्यापुरती लायब्ररी आहे. पानांची ये-जा, फॉर्मची तपासणी, माहिती मागवून जपून ठेवणे, या प्रत्येकासाठी वेगळे पॅकेज (तयार कोडचे गाठोडे) निवडावे लागते, म्हणजे एक निवड केली की तिच्यामागे आणखी चार निवडी उभ्या राहतात, आणि बदल होतात ते याच आजूबाजूच्या सामानात. वर्षानुवर्षे शिकवणीत पहिल्या धड्याला असलेले ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ नव्या कामासाठी वापरू नका, असे फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्याच चमूने जाहीर केले, यावरून कल्पना यावी.

स्वेल्ट मला मनापासून आवडते. रिच हॅरिस यांनी २०१६ मध्ये आणलेली ही लायब्ररी कोडचे आधीच रूपांतर करून ठेवते, त्यामुळे ब्राउझरकडे जाणारे ओझे हलके राहते आणि लिहायलाही ती सुटसुटीत आहे. पण ऑक्टोबर २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत लिहिण्याची रीत बदलली, म्हणून तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंपैकी जुने व्हिडिओ आज जशाच्या तसे उपयोगी पडणार नाहीत. शिवाय उद्या तुम्हाला पुण्याला नोकरी लागली तर बेळगावात हे काम पुढे चालवणारा माणूस सहज मिळेल का, याचे उत्तर मला आज ‘होय’ असे देता येत नाही.

व्ह्यू इव्हान यू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातही वेदना आहेत : सप्टेंबर २०२० मध्ये तिसरी आवृत्ती आली, सोबतची अनेक पॅकेजेस तिच्याशी जुळायला वेळ लागला, आणि दुसऱ्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला. आज सुरुवात करणाऱ्याने तिसरीच घ्यावी आणि दुसरीचे धडे बाजूला ठेवावेत. एवढे सांगूनही दिवाणजींच्या पानासाठी मी तुम्हाला व्ह्यूच घ्यायला सांगेन, आणि त्याचे मुख्य कारण तुमचा सहकारी आहे. व्ह्यूचा साचा म्हणजे ओळखीचे एचटीएमएल आणि त्यात काही जादा खुणा. जेक्वेरीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी वाचता येतो. साध्या स्क्रिप्ट टॅगनेही ती पानात घेता येते, म्हणून पहिल्या दिवशी बांधणीच्या, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरसाठी फाइली तयार करण्याच्या, साधनांशी झटापट करावी लागत नाही. पानांची ये-जा आणि सामायिक माहिती यांसाठीची पॅकेजेस व्ह्यूच्याच चमूची आहेत, त्यामुळे मघाच्या चार जादा निवडी टळतात. तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी पट्टीतली चूक दुरुस्त करायला हाच माणूस बसणार आहे. त्याला जे वाचता येत नाही ते तुमच्या दुकानात वापरू नये. तो महिनाभर तुमच्याबरोबर रिअ‍ॅक्ट शिकायला आनंदाने तयार असेल, तर माझी हरकत राहणार नाही. पण तसे आधी त्यालाच विचारा.

व्ह्यूची एक अडचण मराठी टाइप करणाऱ्यांना हमखास जाणवते, ती आधीच सांगून ठेवतो. तिची ‘व्ही-मॉडेल’ नावाची सोय, कीबोर्ड शब्द जुळवत असेपर्यंत माहिती बदलत नाही; शब्द पक्का झाला की मगच बदलते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर, आणि मोबाइलवर तर पुष्कळदा, याचा परिणाम असा होतो की दिवाणजी ‘पाटी’पर्यंत लिहितात तरी खाली नावांची यादी हलत नाही, आणि पुढे स्पेस दिल्यावर एकदम सगळे पाटील समोर येतात. हा दोष नाही, चिनी-जपानी लेखनाचा विचार करून मुद्दाम ठेवलेली रीत आहे, आणि व्ह्यूच्या मार्गदर्शिकेत तसे लिहिलेले आहे. नावाच्या चौकटीपुरती ही सोय बाजूला ठेवून ‘इनपुट’ ही घटना स्वतः ऐकली की यादी अक्षरागणिक हलू लागते.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका. दोन दिवस काढा आणि कामांची यादी बनवण्याचा तो नेहमीचा नमुना न करता दिवाणजींचे पानच अर्धेमुर्धे उभे करा. दुकानाच्या वहीतील एका दिवसाच्या खऱ्या ओळी मागून आणा, एक दिवस व्ह्यूत करा, एक दिवस रिअ‍ॅक्टमध्ये. पाच ओळी भरा, तिसरी काढून टाका आणि चौथीच्या चौकटीतला अर्धवट लिहिलेला आकडा तिच्याच जागी राहतो की खालच्या ओळीत घसरतो ते पाहा. ओळीची ओळख म्हणून तुम्ही तिचा यादीतील क्रमांक दिला असेल तर तो घसरण्याचा धोका आहे, कारण तिसरी गेल्यावर चौथीचा क्रमांक तीन होतो आणि लायब्ररी तिला जुनी तिसरीच समजते. प्रत्येक ओळीला जन्मतःच वेगळी, कधी न बदलणारी ओळख द्यायची, हा नियम दोन्हीकडे सारखा आहे. या एका प्रयोगातून तुम्हाला जेवढे कळेल तेवढे तीन आठवड्यांच्या वाचनातून कळलेले नाही. प्रयोगाच्या वेळी सहकाऱ्याला शेजारी बसवा आणि दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला एक रकाना वाढवायला सांगा. त्याला कुठे अडते ते वहीत लिहून ठेवा.

मुख्य लायब्ररी ठरल्यावर बारीकसारीक पॅकेजेस घेताना हात आखडता ठेवा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सामायिक कोठारावरून काढून घेतले आणि ते कधी वापरले हेही ज्यांना ठाऊक नव्हते अशा असंख्य प्रकल्पांची बांधणी त्या दिवशी अडली. तारखांसाठी सगळे ज्याच्याकडे धाव घेत त्या मोमेंट लायब्ररीच्या सांभाळणाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच सांगितले की नव्या कामासाठी दुसरा पर्याय पाहा. डाउनलोडचे मोठे आकडे पाहून भुलू नका, कारण त्यांत माणसांपेक्षा आपोआप चालणाऱ्या बांधण्यांची भर मोठी असते. त्याऐवजी शेवटची आवृत्ती कधी आली, तक्रारींना उत्तरे मिळतात का आणि परवाना कोणता आहे, ही तीन पाने वाचा.

पैशांच्या हिशेबासाठी तर कोणत्याही लायब्ररीवर भिस्त ठेवू नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून रक्कम नेहमी पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि दाखवतानाच रुपये करा. गावांची किंवा माणसांची लांब नावे अक्षरे मोजून कापू नका. ‘लक्ष्मी’तले ‘क्ष्मी’ हे आपल्या लेखी एक अक्षर असले तरी जावास्क्रिप्टच्या मोजणीत ते सहा होते आणि मध्येच कापले तर पाय मोडलेले व्यंजन उरते. ते काम पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसवर सोपवा.

नोकरीबद्दल तुमची मैत्रीण चुकीचे सांगत नाही. पुण्या-बंगळुरूच्या जाहिरातींत रिअ‍ॅक्टची मागणी सर्वांत जास्त दिसते. पण दुकानाच्या पैशांवर आपला सराव करू नये, असे मला वाटते. हे काम उभे राहून महिनाभर सुरळीत चालले की तेच पान रविवारी घरी बसून रिअ‍ॅक्टमध्ये पुन्हा लिहा. प्रश्न ओळखीचा असल्यामुळे लक्ष फक्त भाषेच्या फरकावर राहील आणि काही आठवड्यांत हात बसेल. मुलाखतीत ओळीची ओळख का द्यायची असे कोणी विचारले, तर तुमच्याजवळ पाठ केलेल्या व्याख्येऐवजी मार्केट यार्डातील तिसऱ्या ओळीची हकिकत असेल.

राहिला आकड्यांचा वाद. ब्राउझरच्या अंगभूत ‘इंटल’ या सोयीला मराठी सांगितले की ती स्वतःहून देवनागरी अंक देते आणि लाखांचे स्वल्पविरामही बरोबर घालते : १,२५,०००. कन्नड सांगितले की मात्र ती नेहमीचे इंग्रजी अंकच देते. म्हणजे तुम्ही काहीच ठरवले नाही तर एकाच दुकानाच्या दोन पट्ट्या दोन प्रकारच्या अंकांत निघतील. अंकपद्धती वेगळी सांगण्याची मुभा आहे, ती वापरून जे हवे ते नेमून द्या. सजवलेला आकडा पुन्हा हिशेबात घेऊ नका, कारण ‘१२’ असे देवनागरीत लिहिलेले जावास्क्रिप्टला संख्या म्हणून वाचता येत नाही. कोणते अंक नेमावेत हे तुम्ही दोघांनी वाद घालून ठरवण्याचे कारणच नाही. दुकानाच्या छापील पट्टीवर आज ज्या लिपीत अंक असतात त्याच लिपीत पडद्यावरही ठेवा. शेतकरी घरी गेल्यावर कागद आणि मोबाइल शेजारी धरून रकमा ताडून पाहतो, आणि त्या वेळी दोन्हीकडे तीच अंकलिपी दिसली पाहिजे.